पोपट बिल्ड होत नाही

प्रिय आत्तू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकली असशील, मग पाकीट कानाशी हलवून बघितलं असशील. आत रबराची पाल नाहीये, शप्पथ. मेल तू उघडत नाहीस, फोनवर 'हं, बघू' करून ठेवून देतेस. मग राहिलं कोण? पोस्टमन. त्याला तू दारातून परत पाठवणार नाहीस, तेवढी भिडस्त आहेस तू.

तर घरची बातमी अशी, की आजोबांचा जुना कॉम्प्युटर वारला. सकाळचा पेपर ऐकत बसले होते, आतून चर्र आवाज आला, जळका वास सुटला आणि आपला पोपट, तू आजोबांसाठी लिहिलेला तो वाचून दाखवणारा प्रोग्राम, अर्ध्या वाक्यात गप्प. 'पाणीपुरवठा मंत्री म्हणाले की' एवढंच बोलला बिचारा. मंत्री पुढे काय म्हणाले ते आजोबा अजून मला विचारतात. मी रोज वेगळं सांगते.

मी सध्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे, हे तुला पप्पांनी तोंड वाकडं करून सांगितलंच असेल. कॉलेजने मला सोडलं की मी कॉलेजला, हा वाद अजून मिटलेला नाही. पण मालक चांगला आहे. फक्त सगळ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठींना मी एकदा तेल लावलं होतं, तेव्हापासून चहा माझ्या हातचा पीत नाही. त्यानेच आजोबांना एक धडधाकट कॉम्प्युटर दिला. त्यावर आपली तीच फुकटातली सिस्टिम टाकली, जगभरची माणसं मिळून चालवतात ती, कोड कुणीही उघडून बघावा अशी. फक्त आवृत्ती एकदम नवी. मग मी ऐटीत पोपटाचा कोड घेतला, त्यातून चालता-बोलता पोपट घडवायला बिल्डला लावला, आजोबांना म्हटलं, मोजा दहापर्यंत. ते सातवर असताना स्क्रीन लालभडक. पोपटाच्या आधी माझाच पोपट झाला.

झालंय काय, ते तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, तरी सांगते. तुझा कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर, तो आधी गरीब होता. चूक दिसली की नुसता खाकरायचा आणि जाऊ द्यायचा. नव्या आवृत्तीत लोकांनी त्याच्या हातात सोटा दिलाय. धोक्याचं काही दिसलं की दारातच आडवा होतो, पुढे सोडतच नाही. आणि त्याने पकडलं काय माहितीये? मी लहानपणी केलेली ती गंमत! आठवतं ना, आजोबांच्या बातमीत मी मधेमधे टक्क्याची चिन्हं घुसवली होती? पोपटाला वाटलं, हा आपल्यालाच हुकूम आहे, आणि तो बातमी सोडून पोटातले आकडे ओकायला लागला आणि शेवटी आडवा झाला. आजोबा घाबरून ओरडले, अगं याला फेफरं आलं! तू हसून हसून खुर्चीवरून घसरलीस आणि म्हणालीस, कार्टे, तू भोक बरोबर शोधलंस, उद्या बुजवते. मग तुझ्या ऑफिसने तुला असं काही पिळलं, की तो उद्या आलाच नाही.

आपल्या सिस्टिमवर पोपटाची देखभाल करणाऱ्या माणसाशी आता माझी गट्टी जमलीये. मी त्याला दाढीवाला म्हणते, कारण फोटोत तेवढंच दिसतं. त्याने तुला किती मेल टाकले, विचार. महिनाअखेरपर्यंत पोपट नीट बिल्ड झाला नाही, तर नव्या आवृत्तीतून त्याला काढून टाकणार. एकट्या आजोबांचा प्रश्न नाहीये गं. डोळ्यांनी अधू असलेली कुठकुठली माणसं त्याला विचारतायत, आमच्या पोपटाचं काय? मी म्हटलं, यात काय एवढं, आणि त्या कंपायलरची तपासणीच बंद करून टाकली. पोपट फटकन बिल्ड! मी पाठवून दिलं. दाढीवाल्याचं उत्तर आलं, बाई, कुलूप लागत नाही म्हणून तुम्ही घरी दार उचकटून ठेवता का? मी लिहिलं, हो, आमच्याकडे हवा छान येते. पण मग गपचूप बसले आणि टक्क्यांची सगळी भोकं एकेक करून बुजवली. मी! जिला निबंध तपासून घ्यायचा कंटाळा यायचा, ती.

तोवर आजोबांना पेपर मी वाचून दाखवते. मधे माझ्या पदरच्या बातम्या सोडते. ते आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेले, कानानेसुद्धा चूक धरतात. काल म्हणाले, महापौर याच आठवड्यात तिसऱ्यांदा गटारात पडले, आता त्यांना तिथेच राहू दे. मग म्हणाले, पोपट असं करत नव्हता. ती लांब शब्द कसा नीट तोडून बोलायची. 'तो' नाही म्हणाले, आत्तू. 'ती' म्हणाले.

ऑफिसने तुला काढल्यापासून तू कॉम्प्युटर कपाटात कोंबलायस, हे आम्हाला माहितीये. पप्पांना तू म्हणालीस ना, मला आता काही येत नाही, माझं सगळं जुनं झालं? पप्पांनी ते घरात हळू आवाजात सांगितलं. पण आजोबांचे डोळे गेलेत, कान नाही. तिथल्या तिथे म्हणाले, तिला ऑफिसने काढलं असेल, माझ्या घरातून कुणी काढलंय? मग बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. त्यांची बोटं अशी वाजली की मला खोडीसुद्धा सुचत नाही, म्हणजे बघ.

आता शेवटचं, म्हणजे खरं. पोपट बिल्ड होतोय, पण लांबलचक शब्द आला की धाडकन पडतो. तू शब्दासाठी कोडमधे ठेवलेली जागा पुरत नाही, शब्द काठावरून सांडतो आणि नवी तपासणी त्याला तिथेच मान धरून थांबवते. ती जागा आहे तुझ्या त्या शब्द तोडायच्या भागात. मी तो भाग उघडला, तर वरच तुझी ओळ: 'भिंगरी, इथे हात लावलास तर बघ.' दुकानात एवढ्या मोठ्याने हसले की गिऱ्हाईक पळालं. जागा मोठी करणं मला जमेल. दाढीवाल्याने तर बदल करूनही पाठवलाय. पण तो लावला की पोपट आजोबांसाठी शब्द तोडत नाही, सरळ गिळतो. तिथे काय आणि का केलंयस, हे जगात एकाच बाईला माहितीये. म्हणून मी काय केलं, ते वाचायच्या आधी खुर्चीत नीट बस, घसरशील. दाढीवाल्याला मी कळवून टाकलंय, की हा भाग मूळ लेखिका स्वतः दुरुस्त करणार आहेत, कामाला लागल्या आहेत, थोडा धीर धरा. त्याने ते सगळ्यांना कळवलं. आजोबांनी तुझी खुर्ची माळ्यावरून काढायला लावली आणि स्वतः चाचपडत पुसली. तेव्हा आता तुझी सुटका नाही. ये आणि मला बदडून काढ, पण कॉम्प्युटर घेऊन ये. त्या ओळीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकलंय, वाया घालवू नकोस.

तुझीच, तिथे अजून हात न लावलेली,
भिंगरी