खाडीपार, डिस्क अ

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

कुरियर आलं. आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली सव्वापाच इंची फ्लॉपी. लेबल पिवळं पडलंय, पण अक्षर माझं — 'खाडीपार. डिस्क अ. मासिकासाठी.'

सोबत चिठ्ठी. शिवदासच्या मुलीची. श्वेता नाव. मी तिला कधी बघितलेलंही नाही.

"काका, आमची बिल्डिंग पाडणार आहेत. सामान आवरताना हा डबा मिळाला. बाबा म्हणाले, राहू दे, फेकू नको. काय आहे विचारलं तर उठून गॅलरीत गेले. मग मी लेबलावरचं नाव नेटवर शोधलं. तुम्ही त्या वेबसाइटवर बाबांबद्दल लिहिलंय ते वाचलं. ही डिस्क खरंच खराब आहे का, बघून सांगाल? बाबांना मी काही बोललेले नाही."

तीनदा वाचली. उद्धट नाही. पण 'बाबांबद्दल लिहिलंय' — !

काय खोटं लिहिलं मी? मुलुंडचा एक सम्यक म्हणून मुलगा आहे, बँकेत आहे, कधीच बाहेर न आलेल्या जुन्या कॉम्प्युटर खेळांची यादी वेबसाइटवर ठेवतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मला हुडकून काढलं. 'न येण्याचं कारण' असा रकाना होता. मी भरला — 'सहकाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे डिस्क चुंबकाजवळ जाऊन खराब झाली.' एक वाक्य. नाव घेतलेलं नाही.

खेळाच्या नोंदीत नावं दोनच आहेत, माझं आणि शिवदासचं, ही गोष्ट वेगळी.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर डोक्यात तेच. लिहूनच टाकतो, म्हणजे तपशील इकडचा तिकडे होणार नाही.

साल १९९२. मी वीस, शिव एकवीस. माझ्या मामाने मस्कतहून कमोडोर कॉम्प्युटर आणलेला. टीव्हीला जोडायचा, चौसष्ट के मेमरी. क्लास नाही, कॉलेज नाही, एका झेरॉक्स केलेल्या पुस्तकावर मी मशीनची भाषा शिकलो. सतरा पानं तर त्या झेरॉक्समध्ये नव्हतीच — ती मी प्रयोग करून भरून काढली. हे आज कुणाला सांगून पटत नाही.

खेळ असा — विक्रोळीच्या खारफुटीतून एका खेकड्याने पलीकडे जायचं. दर नव्वद सेकंदांनी भरती. अकरा पातळ्या. प्रोग्राम माझा. चित्रं आणि संगीत शिवचं. ग्राफपेपरवर रंगीत पेन्सिलीने चौकोन भरायचा, आणि त्या तीन सुरांच्या चिपमधून असा काही ताल काढायचा की त्याचे वडील खाटेवरून म्हणायचे, "शिवा, ह्यो मृदंग खंय ठेवलंस?"

अंधेरीहून एक मासिक निघायचं. चारेकशे प्रती, आपल्यासारख्या वेड्यांसाठी. प्रत्येक अंकाच्या पोटात एक डिस्क. अंक हातात आला की आधी ती बाहेर काढायची, नाकाशी धरायची. नवी डिस्क गोडसर वासाची असते! पहिली बाजू संपली की उलटी घालायची. त्यावर डेमो — एकच पातळी. ती संपली की पडद्यावर 'पूर्ण खेळ लवकरच'. मी ती एकेक पातळी शंभर शंभर वेळा खेळलोय. पुढे दार असायचं, बंद. त्या दारामागे काय असेल यावर मी आणि शिव विक्रोळी ते नाहूर चालत बोलत यायचो. त्यातले निम्मे खेळ कधी आलेच नाहीत. ती दारं अजून बंद आहेत.

आणि मग फेब्रुवारीच्या अंकात, शेवटच्या पानावर — 'पुढील अंकासोबत : खाडीपार (डेमो)'. ते पान माझ्याकडे आहे.

मला कावीळ झाली. डिस्क अंधेरीला नेऊन द्यायला शिवला सांगितलं. शिव साकीनाक्याला लाउडस्पीकरच्या कारखान्यात होता — जिकडे तिकडे चुंबकांच्या थप्प्या. निघताना मी बजावलं, "आधी अंधेरी, मग कामावर." दहा दिवसांनी संपादकांनी त्याच्याच हाती डिस्क परत पाठवली. चिठ्ठी — 'कॉपी होत नाही. मध्येच अडकते. खराब दिसते.' अंक डिस्कशिवाय निघाला, आणि तोच शेवटचा. मासिक बंद.

मी अंथरुणातून ओरडलो. "कारखान्यात घेऊन गेलास ना हिला? चुंबकांत ठेवलीस ना?" शिव मान खाली घालून उभा राहिला. चॉकलेटी चौकड्यांचा शर्ट. एक अक्षर बोलला नाही. डिस्क त्याच्या अंगावर फेकली आणि म्हटलं, तोंड दाखवू नकोस.

नाही दाखवलं. नाहूर ते विक्रोळी मधे दोनच स्टेशनं आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डिस्कवर बुरशी. पांढरे ठिपके, चांदण्या पडल्यासारखे. मुंबईची दमट हवा कुठलीच डिस्क सोडत नाही. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर वाचणारं हेड ठिपक्यांसकट चुंबकी थर खरवडून काढेल.

गाळ्यावर बाकीची कामं बाजूला ठेवली. (दिवसभर मशीनांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो — इंजिनियर लोक हात टेकतात ती माझ्याकडे येतात.) पाकीट एका कडेने उकललं, चकती बाहेर घेतली, स्पिरिट आणि मऊ ब्रश. मधून बाहेर पुसायचं, गोल नाही. घरी येऊन पुन्हा एक हात.

रुचिरा : "अहो, हा माझा फाउंडेशनचा ब्रश आहे!"

"होता."

"एवढ्या प्रेमाने माझा चेहरा पुसलात का कधी?"

हसलो. आठवड्यात पहिल्यांदा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वाचली!!

पस्तीस ट्रॅक, सहाशे त्र्याऐंशी सेक्टर, म्हणजे माहितीचे कप्पे. त्यातले सहाशे ब्याऐंशी शुद्ध. तेहतीस वर्षं नऊ महिन्यांनंतर! पडद्यावरच्या नकाशात फक्त एक लाल, न वाचता येणारा — ट्रॅक चौतीस, सेक्टर नऊ.

लॅपटॉपवर खेळ सुरू झाला. पडदा निळा, मग नावं — प्रोग्राम हर्षद, चित्रे व संगीत शिवदास. आणि तो ताल. गाळ्यावर एकटाच होतो. स्टुलावर बसलो. भरती दोनदा येऊन गेली, खेकडा दोनदा मेला, माझा हात कीबोर्डवर गेलाच नाही.

मग एक गोष्ट टोचायला लागली. चुंबक लागला की डिस्क अशी जात नाही. मोठं क्षेत्र पुसलं जातं, भिंतीवर ओला हात फिरवल्यासारखं. एकच सेक्टर, सुईने टोचल्यासारखा — असं चुंबक करत नाही.

आणि दुसरी. या डिस्कवर अकरा पातळ्या आहेत. मासिकाला पाठवली त्यात एकच हवी होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

तो सेक्टर मी बिघडवला होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आता नीट लिहितो.

त्या काळी कुठलाही खेळ आठवड्यात कॉपी होऊन फुकट वाटला जायचा. म्हणून मी कुलूप बसवलं. एक सेक्टर मुद्दाम बिघडवायचा. खेळ सुरू होताना तो सेक्टर वाचायचा प्रयत्न करतो. वाचता आला नाही तरच पुढे जातो. साधा कॉपी करणारा प्रोग्राम तिथे पोचला की अडकून पडतो. मला फार अभिमान होता या युक्तीचा. शिवलाही सांगितली नव्हती.

दोन डिस्क केल्या. अ — डेमो, एक पातळी, कुलूप नाही, मासिकाने चारशे कॉप्या काढायच्या म्हणून. ब — पूर्ण खेळ, कुलूपबंद, आमच्यासाठी. दोन्ही लेबलं मी लिहिली. अंगात ताप होता. शिवने विचारलं होतं, "मी लिहू का?" म्हटलं, "तुझं अक्षर गबाळं."

लेबल अ. आत ब.

संपादकांनी बरोबर लिहिलं होतं — मध्येच अडकते. अडकायलाच केली होती! डिस्क परत आली तेव्हा ड्राइव्हमध्ये घातली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. घातली नाही. कपाटात 'ब' म्हणून जी ठेवली तीही उघडून बघितली नाही. पावसाळ्यात मशीन विकलं, डिस्कचा गठ्ठा त्याच्यासोबत गेला.

दुसऱ्याच्या कामातली चूक मी वासावरून ओळखतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रुचिराला सांगितलं. पोळी लाटत ऐकलं तिने सगळं.

"मग फोन करा."

"करतो."

"आज?"

"आधी मुद्दे लिहून काढतो."

"मुद्दे? अहो, माफी मागायला कसले मुद्दे? 'चुकलो' म्हणायचं नि गप्प बसायचं. जमेल तेवढं?"

जमेल. का नाही जमणार!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सम्यकला फोन केला. रकाना बदलून घेतला — 'प्रोग्रामरने लेबल चुकीचं लावल्यामुळे कुलूपबंद डिस्क मासिकाकडे गेली. सहकाऱ्याचा काहीही दोष नव्हता.' सम्यक म्हणाला, "काका, एवढं कोण कबूल करतं? झकास स्टोरी आहे ही!" स्टोरी!

श्वेताला कळवलं, रविवारी येतो. तिचं उत्तर — 'या. बाबांना सांगितलंय. काही बोलले नाहीत, पण दाढी केली.'

२३ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो.

तिसरा मजला. घरभर खोकी, दोऱ्या. शिवचे केस पूर्ण पांढरे. मला बघून हातातली दोरी तशीच धरून उभा राहिला. मग, "ये. बस. त्या खोक्यावर नको, काच आहे."

श्वेताने चहा ठेवला. मी सगळं क्रमाने सांगितलं. छापून नेलेला नकाशा त्याच्यासमोर पसरला, सहाशे त्र्याऐंशी चौकोन. त्याने चष्मा शोधला.

"हे लाल काय?"

"ते माझं कुलूप."

"नि हिरवं सगळं?"

"ते ठीक आहे. चुंबक लागलाच नव्हता, शिव. तुझी काही चूक नव्हती."

"माहीत आहे रे मला."

"कसं?"

"त्या दिवशी मी कारखान्यात गेलोच नव्हतो. रजा टाकलेली. घरून सरळ अंधेरी, अंधेरीहून सरळ घर. डिस्कचा डबासुद्धा छातीशी धरून. तुला सांगितलं होतं मी."

"नाही. तू काहीच बोलला नाहीस."

त्याने चष्मा काढला. मग हसला थोडासा. "बरं. नाही बोललो."

मी लॅपटॉप उघडला. खेळ सुरू केला. त्याचं संगीत! श्वेता म्हणाली, "बाबा, हे तुम्ही केलंत? तुम्हाला संगीत येतं?" तिला ठाऊकच नव्हतं! शिवची बोटं खोक्यावर एकदा हलली. मग म्हणाला, "बंद कर. शेजारी झोपलेत."

दुपारचे चार वाजले होते.

"शिव, मी चुकलो," म्हटलं. रुचिराने सांगितलं होतं तेवढंच. पुढे मुद्दे होते, ते खिशात ठेवले.

"हं," म्हणाला. घडी घालून नकाशा परत दिला. "मशीनने सांगितलं, मग पटलं ना तुला."

"तसं नाही रे—"

"तसंच आहे. चहा घे. गार होतोय."

दारापर्यंत सोडायला आला. चपला घालताना म्हणाला, "हर्षद, त्या वेबसाइटवरनं माझं नाव काढ."

"अरे, ते बदललंय मी! चूक माझी म्हणून लिहिलंय!"

"वाचून दाखवलं श्वेताने. चांगलं लिहिलंयस. तू लिहितोस चांगलं. नाव काढ."

घरी येऊन आता हे लिहितोय आणि राग येतोय, खरं सांगतो. एवढं कबूल केलं, जगजाहीर केलं, पायऱ्या चढून गेलो! आणि हा रजेची गोष्ट आज काढतो. तेव्हा का नाही बोलला? बोलला असता तर मी ऐकलं नसतं का? मला शर्टाच्या चौकड्या आठवतात. तो बोलला असता तर तेही आठवलं असतं. एवढी वर्षं गेली, माणूस मनात एखादी गोष्ट घोळवत राहतो, मग ती घडलीच होती असं वाटायला लागतं. त्याचं तसं झालं असणार.

माझं तसं होत नाही. मी तेव्हाही रोज लिहायचो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

माळ्यावरून १९९२ ची वही काढली.

'१७ फेब्रुवारी, सोमवार. डिस्क परत आली. गेली! शिव म्हणतो, रजेवर होतो, घरून सरळ गेलो. तीनदा म्हणाला. आईची शपथ घेतली. शेवटी रडला. सगळ्या थापा.'