प्रतिसाद नाही

प्रिय धाकट्या,

फोन केला असता तर भांडण झालं असतं आणि मीटिंगचं निमित्त सांगून तू सटकला असतास. म्हणून लिहिते आहे.

शहरातल्या कलांमुळे अर्थव्यवस्थेला आणि समाजाला काय मिळतं ते शोधा, असं काम तुझ्या नगरपालिकेनं आमच्या संस्थेला दिलं, तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं. पलंगाचं स्टेज करून मी नाचायचे आणि तू चादरीचा पडदा ओढायचास, ते आठवलं. अहवाल झाला. नाट्यगृह पास, चित्रांचं दालन पास, शेजारची हॉटेलंसुद्धा पास. नापास झाली ती दवाखान्यामागची तालमीची खोली. पक्षाघातानं वाचा गेलेली माणसं तिथे दर आठवड्याला एकत्र गातात. तिकीट नाही, म्हणून आर्थिक परिणाम शून्य. ते एकवेळ ठीक. पण समाजावरचा परिणामही शून्य कसा, म्हणून खोदून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या शहाण्यांनी त्या माणसांना प्रश्नावली वाटली होती. गाण्यानं तुम्हाला काय दिलं ते चार ओळींत लिहा म्हणे. ज्यांचे शब्दच गेलेत त्यांना. कागद कोरे परत आले आणि तक्त्यात चढलं, प्रतिसाद नाही. मी साहेबांशी कडाडून भांडले. पद्धत सगळ्यांना सारखी, एवढंच त्यांचं उत्तर. आणि तेवढ्या आधारावर तू त्या खोलीच्या जागी पार्किंगचा प्रस्ताव मांडलास. तुझी मला लाज वाटते.

बाबा काही बोलतात का, असं तू दर रविवारी विचारतोस. मी नाही म्हणते आणि ते खरंच आहे. पाणी हवं असलं तरी ते बोट दाखवतात. पण त्या खोलीत सूर लागला की त्यांच्या तोंडून गाण्याचे शब्द अख्खे, न अडखळता येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडले. हे तुला फोनवर सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. तू आलाच नाहीस.

अहवालावर मी सही केलेली नाही. मंगळवारच्या सभेत नागरिकांना बोलता येतं, तिथे मी बाबांचं नाव नोंदवलंय. लहानपणी तुला झोपवताना बाबा म्हणायचे तेच गाणं ते तुझ्यासमोर उभे राहून म्हणतील. चारचौघांत तुझी फजिती होऊ नये म्हणून आधी कळवते, एवढी माया अजून शिल्लक आहे. शेवटची ओळ ते तुझ्यासाठी सोडायचे, आठवतं ना? अजूनही तिथे येऊन थांबतात आणि दाराकडे बघतात.

तुझीच, अजून चिडलेली
ताई