झोपेत सुटणारा रिपोर्ट

सोमवार, ३
शंभर रक्ततपासण्या टाकल्या की एखादा रिपोर्ट दुसऱ्याच्याच नावावर का छापला जातो? मला माहीत नाही. प्रोग्रॅम मीच लिहिलाय, तरी माहीत नाही. गुरुवारी लॅबमध्ये सुरू होणार. साहेबांनी विचारलं, सापडलं का? मी म्हटलं, सापडल्यातच जमा.
लेखात वाचलं : मेंदू झोपेत गणितं सोडवतो. संकल्प : सहानंतर कोडकडे बघायचं नाही. प्रश्न वहीत लिहून वही उशीखाली.

मंगळवार, ४
नऊ तास झोपले. उठून वहीत पाहिलं. माझ्याच अक्षरात : 'मावशीला विचार.' मला मावशी नाही.
पद्धत बरोबर आहे, झोप कमी पडली.
आप्पा दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते. शेजारीण आली तर म्हणाले, हळू बोला, पोरगी काम करतेय. ती म्हणाली, काम घोरतंय की!
घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. ही माणसं माझ्या झोपेवरसुद्धा विश्वास ठेवतात.

बुधवार, ५, दुपारी ३
जेवणाच्या सुट्टीत प्रिंटरच्या खोलीत झोपले. स्वप्न पडलं. लांबलचक रांग, प्रत्येकाच्या हातात रिपोर्ट, एकालाही चेहरा नाही. एक बाई सारखी विचारतेय, ताई, यातला माझा कुठला? घामाघूम होऊन उठले.
पण उत्तर मिळालं! रांग!! नावाऐवजी रांगेतला नंबर धरायचा. लगेच बदल केला. पन्नास टाकले, पन्नासही बरोबर.
शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला स्वप्न सांगितलं. ती म्हणाली, पन्नास काय टाकतेस, पाच हजार टाक, आणि ओळ न् ओळ वाच. स्वप्नाला टेस्टिंग लागत नाही वाटतं?
तिला झोप येत नसावी. साहेबांना सांगून टाकलं, झालं.

गुरुवार, ६
लॅबमध्ये सुरू. फोन वाजला की हात गार पडतात. एसी जास्त आहे.
एकही तक्रार नाही. म्हणजे बरोबरच असणार. तक्रार करायला माणसाला आधी कळायला हवं, हा विचार मनात आला. काढून टाकला.

शुक्रवार, ७, संध्याकाळी
आप्पा कुणाला न सांगता लॅबमध्ये रक्त देऊन आले. काही होत नव्हतं, लेकीचा प्रोग्रॅम बघायचा होता. रिपोर्ट उघडायच्या आधीच दोन घरी दाखवला. शुगर ४१२.
आईने साखरेचा डबा माळ्यावर टाकला. म्हणाली, एवढं अंगावर काढलंत, बोलला नाहीत! आप्पा गुन्हेगारासारखे बसून राहिले. म्हणाले, मला तर काहीच होत नाही गं. पण मशीन खोटं कशाला बोलेल? तिनेच तर बनवलंय.
मी म्हटलं, आप्पा, ही शुगर तुमची नाही. मग कुणाची, विचारलं त्यांनी.
कुणाची तरी आहेच. त्या माणसाच्या हातात आप्पांचा ठणठणीत रिपोर्ट आहे. तो आज निवांत जेवला असेल.
वही उशीखाली ठेवली, डोळे मिटले. मिटून राहीनात.

शनिवार, ८, सकाळी १०
सव्वानऊला लॅबच्या मुख्य बाईंना फोन केला. प्रोग्रॅम आत्ता बंद करा, दोन दिवसांतल्या सगळ्यांना परत बोलवा, रिपोर्ट हाताने लिहा. त्यांनी विचारलं, चुकलेले किती? म्हटलं, माहीत नाही. का चुकले? तेही माहीत नाही. अगं, मग सुरू कशाच्या भरवशावर केलंस? हे माहीत होतं, पण सांगायची लाज वाटली. त्रेसष्ट माणसं आहेत. मी फोनवर असतानाच त्यांनी पहिल्याला बोलावणं पाठवलं.
मग साहेबांकडे गेले. चिडले. म्हणाले, आधी मला विचारायचं होतंस.
म्हटलं, तुम्ही थांब म्हणाला असतात. म्हणून आधी फोन केला.