अण्णांनी न फोडलेला खोका

अण्णा, तुमचा तो खोका काल फोडला. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुम्हाला जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली आणि आता आईही नाही. नाशिकचं सिडकोतलं घर रिकामं केलं, तेव्हा तो लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात मिळाला. तुम्ही गुंडाळला होता तसाच होता. आत पंचा, वर प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर सुतळी. भांडी ताईनं नेली, कपाट शेजाऱ्यांना दिलं आणि हा खोका माझ्या बॅगेतून परत बहरीनला आला.

तो घरी आला तो दिवस मला चांगला आठवतो. मी चौथीत. तुम्ही दोन वर्षांनी बहरीनहून घरी आलेले. स्वयंपाकघरात ओट्याखाली बॅग उघडी पडलेली, आई दुधाच्या पावडरचे डबे फळीवर लावतेय, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही तो खोका काढता. त्यावर बॅट घेतलेला एक माणूस. मी विचारतो, क्रिकेट का? तुम्ही हसता आणि सांगता, नाही रे, हा अमेरिकेतला खेळ, बेसबॉल. आत पुड्या आहेत, प्रत्येक पुडीत खेळाडूंची कार्डं आणि एकेक च्युइंगम. मी नखानं वरचा कागद खरवडायला लागतो आणि तुम्ही माझं मनगट धरता. "फोडायचा नाही. फोडला की त्याची किंमत गेली." तुम्ही ज्या कॉलनीत एसी दुरुस्त करायचात, तिथला अमेरिकन साहेब कायमचा घरी परतताना तो तुम्हाला देऊन गेला होता. ऐन ऑगस्टात, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, त्याच्याकडचा एसी बंद पडला की तुम्ही जायचात, म्हणून. हा असाच ठेव, मुलगा मोठा होईल तेव्हा यावर घर बांधेल, असं तो म्हणाला होता. तुम्ही ते बोलणं खोक्याबरोबर जसंच्या तसं घरी आणलंत. मला घर नको होतं. च्युइंगमसाठी मी त्या दिवशी जेवेपर्यंत रडत होतो.

मग माझी बारावी झाली. खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा मिळत होती, पण फी आवाक्याबाहेरची होती. तुम्ही तेव्हा घरीच होतात आणि आता परत जायचं नाही, इथंच छोटंसं दुकान टाकायचं, असं ठरलंही होतं. आईनं खोक्याचा विषय काढला. तुम्ही जरा वेळ वर कपाटाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "त्याची वेळ अजून आलेली नाही." दोनच दिवसांनी तुम्ही आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केल्याचं सांगितलंत. आई पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही, लाटणं मात्र थांबलं.

आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाचा झालोय, आणि तुमच्याच बहरीनमध्ये आहे. हमद टाउनमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा ती आणि तिची आई पुण्याला राहायला गेल्या. रोज फोन होतो. मी मराठीत विचारतो, मुलगी इंग्रजीत उत्तर देते, आणि दोन-चार वाक्यांत आमचं बोलणं संपतं. सुट्टीच्या दिवशी कधी मनामातल्या नईम वस्तीत जातो. तुम्ही तिथं एका खोलीत सहा जण राहायचात, एवढंच मला माहीत. कुठली गल्ली, कुठली इमारत, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मग मी नुसताच फिरतो, एखाद्या जुन्या खिडकीकडे बघतो, कोपऱ्यावर चहा पितो आणि परत येतो. घरी यायच्या आधी वर्षभर तो खोका त्या खोलीत तुमच्या खाटेखाली पडून होता. एवढ्या सगळ्या रिकाम्या संध्याकाळी, आणि तरी तुम्ही एक पुडीसुद्धा उघडली नाहीत.

मनामातल्या एका जुन्या मॉलमध्ये अशा कार्डांचं दुकान आहे, हे मुलीनंच शोधून दिलं. दुकान एका फिलिपिनो माणसाचं. चाळिशीचा, बोलायला मऊ. त्यानं पंचा सोडला, खोका दिव्याखाली फिरवून चारी बाजूंनी पाहिला आणि आधी मला बसायला खुर्ची दिली. मग सावकाश सांगितलं, की त्या काळात ही कार्डं भरमसाठ छापली गेली. पुढं मोल येईल म्हणून ज्यानं त्यानं असे खोके जपून ठेवले, आणि सगळ्यांनीच जपले, म्हणून ते दुर्मीळ झालेच नाहीत. न फोडता विकला तर दोन माणसांचं बाहेर एक वेळचं जेवण होईल, तेवढंच. मी मान हलवली. पैशाचं मला काही वाटलं नाही. मला तुमची ती दोन वर्षं आठवली. त्या दिवशी तुम्ही खोका खाली काढला असतात, तरी तुम्हाला जावंच लागलं असतं. हे तुम्हाला कधी कळलं नाही, ते बरंच झालं.

विकणार की उघडणार, त्यानं विचारलं. उघडू, म्हणालो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आम्ही दोघं काउंटरवर समोरासमोर बसलो आणि एकेक पुडी सोडत गेलो. मेणकागद सुटताना बारीक कुरकुरायचा. आतली च्युइंगमची पट्टी खडूसारखी झालेली, हात लावला की तुकडे. खाऊ नका, तो म्हणाला. त्याचं लक्ष नसताना मी एक तुकडा जिभेवर ठेवलाच. क्षणभर गोड लागला, मग नुसतं पीठ. कार्डांवर मिशा राखलेले, उन्हात डोळे बारीक केलेले तरणे लोक. मागे प्रत्येकाचं गाव आणि खेळातले आकडे. तो भिंगातून कोपरे बघायचा, कार्ड तिरपं धरून चकाकी बघायचा, आणि बाजूला ठेवायचा. तासाभरात काउंटर भरून गेलं. नंतर मोठं नाव झालेल्या एका खेळाडूचं अगदी पहिल्या वर्षाचं कार्ड निघालं, तेव्हा तो ताठ बसला. मीही पुढं झुकलो. त्यानं मोजपट्टी लावून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. चित्र एका बाजूला सरकलेलं होतं, डावीकडची पांढरी कड जाड, उजवीकडची दोऱ्याएवढी. कारखान्यातच वाकडं कापलं गेलं होतं, म्हणजे त्याचीही किंमत गेली.

मग त्यानं सगळी कार्डं गोळा करता करता विचारलं, "हे इतकी वर्षं कुणी सांभाळलं?"

"माझ्या वडिलांनी."

"एकही कोपरा दुमडलेला नाही," तो म्हणाला. "ओल नाही, कीड नाही. वाकडं कापणाऱ्यानं कापलं, त्यांनी मात्र आपलं काम चोख केलं."

अण्णा, तुमच्याबद्दल कुणी चार शब्द बोललेलं मी फार वर्षांनी ऐकलं. तुम्हाला ओळखणारी माणसंच आता उरली नाहीत. मी खाली मान घालून रिकामे मेणकागद गोळा करत बसलो. त्यानं ते वाकडं कार्ड एका पारदर्शक पाकिटात घालून माझ्यापुढं केलं. पाकिटाचे पैसे घेईना. वडिलांना द्या, म्हणाला, आवडेल त्यांना.

हे पत्र मी कुठं टाकणार, कुणाच्या पत्त्यावर? लिहून होईल आणि इथंच राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायचीय. निघताना त्यानं विचारलं, वडील कुठं असतात? आणि मी म्हणालो, इथंच, हमद टाउनला, माझ्याजवळ. मग दिवसभर एकटेच असतात का, त्यानं विचारलं. मी म्हणालो, छे, ऑफिस सुटलं की मी सरळ घरी येतो.

सरळ येत नाही, अण्णा. उगाच झल्लाकच्या किनाऱ्यापर्यंत गाडी नेतो, समुद्राकडे तोंड करून आत बसून राहतो आणि अंधार पडला की मग परततो.