टाकीचं विरजण

११ मार्च
ट्रॅव्हल्समधी बसलो. पायापाशी कॅन. पुण्याच्या ज्या सोसायटीत सांडपाण्याच्या टाकीवर कामाला हाय, तिथलाच जिवंत गाळ, घाण खाणाऱ्या जंतूंचा. झाकण घट्ट लावलं तर आतले जंतू मरतात, ढिलं ठेवलं तर वास. ढिलं ठेवलं.
क्लीनर म्हणला, "काय हाय त्यात?"
म्हणलं, विरजण.
"सडलं ना लेका तुझं दही. डिक्कीत टाक."

१२ मार्च
कनेरगाव नाक्याला उतरून ऑटोनं गावात. सरपंचकाकांनी नवी टाकी दाखवली. साऱ्या गल्ल्यांच्या नाल्या तिच्यात. उन्हाळ्यात गावात वाहतं पाणी तेवढंच. साफ निघालं तर त्यावर शेळ्यांपुरता चारा पिकल.
काका म्हणले, "टाकी तपासायला साहेब येतील तवा पाणी नितळ पाह्यजे. मंग टाकीवर तूच. न्हाई तर टाकी बांधणारा ठेकेदार त्याचा माणूस आणल."
म्हणजे पुणं सुटलं. आईला सांगितलं. ती म्हणली, "तुझं बूड कुठं टिकलंय? हाटेल सोडलं, वीटभट्टी सोडली." बराबर हाय तिचं. पण या वेळी टिकल. टिकल का...

१३ मार्च
गाळ ओतला. वरून शेणकाला, गूळ. लाइट गेली की जंतूंना हवा देणारी मोटर बंद. आली की पळत जायचं. दिवसभर तेच. पाणी काळंच.

१९ मार्च
लोणच्याच्या बरणीत पाणी घेऊन ठेवलं. गाळ खाली बसला, वर आरपार दिसलं! वास ओल्या मातीसारखा. काकांना बरणी दाखवली.
"पितो का?"
"तुमी आधी."
लई हसले.

२२ मार्च
उद्या साहेब. आई नळावरून रागात आली. बाया म्हणल्या, तुझ्या पोरानं पुण्याची घाण गावात आणली. जेवली न्हाई. म्हणलं, उद्या पाहतील सारे.

२३ मार्च
टाकीवर पांढरा फेस, पाणी गढूळ, पावडरचा वास. आईनं पहाटेच पंचायतीच्या खोलीतली जंतू मारायची पावडर नालीनाली टाकली. अर्धं पोतं. माझ्यासाठी. बोटं पांढरी पडली तिची. "आता म्हणून दाखवा म्हणावं, वास येते."
माझे सारे जंतू मेले. तिला म्हणलं, झकास केलं. दुसरं काय म्हणू.
साहेब नाकाला रुमाल लावून, पुन्हा येतो म्हणून गेले.
काका म्हणले, "काय झालं रे?" आईचं नाव तोंडापर्यंत आलं. म्हणलं, गाळ लागला न्हाई. दुसरा आणतो.
"आण. पण ठेकेदार थांबायचा न्हाई."

२७ मार्च, पुणे
सुट्टी खाऊन आलो म्हणून डबल पाळी. अंग मोडून आलंय. कॅन धुवून ठेवला. पुन्हा सुट्टी मागायला तोंड न्हाई.
आईचा फोन. पाठीमागं शेळ्या वरडत होत्या.
"काकांनी मोटर माझ्याकडं दिली, तू येईस्तोवर. पाणी काळंच हाय रे. अर्धं पोतं उरलंय, टाकू का?"
"न्हाई आई. चिमूटभर बी न्हाई."
"काहून?"
"शेळ्या लई वरडतात. चारा टाकला का?"
"काहून रे? बोल ना."