मोठा ढोल आणि त्याखालची जमीन

मी, इव्हाडनी पिनॉक, वय चौऱ्याहत्तर, धंदा ढोल बांधणे, राहणार पिमेंटो गॅप, क्लॅरेंडन, जमैका, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डावा गुडघा नाही, पण कायद्याला त्याची गरज नाही.

आम्हा रास्तांमध्ये, म्हणजे रास्ताफारी पंथाच्या लोकांत, मृत्युपत्र करत नाहीत. रास्ता मरत नाही, मग कागद कशाला, असं माझा नवरा रास इझिकील म्हणायचा. नऊ वर्षांपूर्वी तो, त्याच्या मते, मेला नाही. त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या मात्र कागदाअभावी त्याचा भाऊ घेऊन गेला. तेव्हापासून मला शहाणपण आलं.

कलम १. आमचा प्रार्थनेचा मंडप ज्या जमिनीवर उभा आहे, ती माझी आहे. १९८४ साली ती घेताना एकाही पुरुषाने सही केली नाही. "बॅबिलॉनच्या सरकारी कागदावर रास्ता आपलं नाव घालत नसतो, सिस्टर," मोठा ढोल वाजवणारे ब्रदर असाफ म्हणाले. सरकार, पोलीस, कोर्ट, जे जे जुलमी ते आमच्या लेखी बॅबिलॉन. मग मी घातलं. पस्तीस वर्षं मी त्या जागेची मालकीण आहे, आणि तिथेच मला प्रार्थनेत ढोलाला हात लावायला बंदी आहे. बाईचा हात लागला की ढोलाची शक्ती जाते म्हणे. कातडं मी खरवडते, मी ताणते, सूर लागला का ते वाजवून मीच बघते. तेव्हा ती शक्ती बहुतेक जेवायला गेलेली असते.

ही जमीन मी माझी मुलगी त्सेहाय आणि मंडपातल्या इतर बायकांना देते. अट एकच: इथिओपियाच्या महाराणी मेनेन यांच्या जन्मदिवशी दर वर्षी प्रार्थनेचे ढोल बायका वाजवतील आणि स्वयंपाक पुरुष करतील. एक वर्ष जरी चुकलं, तरी जमीन माझा भाऊ वेस्ली याची. वेस्ली चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याचा उजवा हात, आहे. त्याच्याकडे चार लाऊडस्पीकर आहेत आणि ते लावायला त्याला जागा हवीच आहे. बंधूंनी विचार करावा.

कलम २. महाराणींचे पती, म्हणजे ज्यांना आम्ही देव मानतो त्या सम्राटांची तसबीर मंडपाच्या मधोमध आहे. महाराणींची चुलीवरच्या भिंतीला, धुराने काळी. दोघांच्या डोक्यावर मुकुट एकाच दिवशी चढला. बाईंनी मुलींसाठी शाळा काढली. आणि आम्ही त्यांना रस्स्यावर लक्ष ठेवायला बसवलं. तसबीर पुसून सम्राटांच्या शेजारी, त्याच उंचीवर लावावी. आम्हा प्रत्येकीला बंधू "एम्प्रेस" म्हणतात, म्हणजे महाराणीच. "एम्प्रेस, रस्सा झाला का?" "एम्प्रेस, पोरांना गप्प कर जरा." एवढं राज्य करून माझी कंबर गेली.

कलम ३. खरवडायची सुरी, दोर, खिळे आणि सुकत घातलेली दोन कातडी त्सेहायला. मोठं पातेलंही तिलाच. आम्हा रास्तांना मीठ वर्ज्य, तेव्हा त्यात मीठ पडलं तर मी येईन. आम्ही मरत नसल्याने फार लांबून यावं लागणार नाही.

कलम ४. असाफ यांना काही नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणतो. नाहीतर गुडघा दिला असता. ते साक्षीलाही तयार नव्हते. "मरणाच्या कागदावर माझी सही? पुढच्या वर्षी विचार." मी म्हटलं, "कागद राहिला की भाऊ घेऊन जातो, पेट्यांसारखं. पुढच्या वर्षी वेस्लीला विचारा, लाऊडस्पीकरवर उत्तर देईल." मग त्यांनी चष्मा शोधला.

कलम ५. हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. मी एकशे बारा ढोल बांधले. प्रार्थनेत त्यातला एकही मी वाजवला नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते वय वाढलं म्हणून कमी झालेलं नाही. महाराणींचा जन्मदिवस याच महिन्यात आहे. त्या दिवशी मी मोठ्या ढोलाशी, असाफ पस्तीस वर्षं बसतात त्याच बाकावर बसणार. कोणाला उठवायचं असेल त्याने उठवून बघावं.

लिहून, वाचून, साक्षीदाराला पटवून सही केली.

इव्हाडनी पिनॉक
पिमेंटो गॅप, ११ मार्च २०१९

साक्षीदार:
१. डोरेट लिंडो, टपाल कचेरी. सही माझ्यासमोर झाली.
२. असाफ व्हर्नन. ही बाई जिवंत आहे, एवढ्याचाच मी साक्षीदार. बाक लांब आहे. मी सरकेन.