आधी पाय उचलून बघ

३ मार्च
शी! रक्ताची, पुवाची किळस कधीच गेली. आज आली ती आमच्या आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांची, साहेबांची.

ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटचा रक्तदाब पडला की प्रश्न एकच — सलाईन दिलं तर हृदय उचल खाईल, की ते सगळं फुफ्फुसात जाऊन बसेल? मॉनिटर त्यासाठी एक टक्केवारी दाखवतो — मशीनच्या प्रत्येक श्वासाबरोबर दाब किती वरखाली होतो त्याची. तेराच्या वर गेली की सलाईन द्यायचं, हा साहेबांचा नियम. त्यावरच त्यांचा आमच्या पेशंटवर अभ्यास चालू आहे, महिनाअखेरीस परिषदेत भाषण. पण पेशंट स्वतः श्वास ओढायला लागला की त्या आकड्याला काडीचा अर्थ उरत नाही. आज मी हे बोलले तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंना फार कळतं." सगळे हसले. मीही हसले — त्याचीच जास्त किळस.

५ मार्च
शिवणकामवाल्या काकू. आतड्याचं ऑपरेशन. ऑपरेशनच्या आधी माझ्या ॲप्रनची उसवलेली शिवण बघून म्हणाल्या होत्या, "बरी झाले की पहिलं हे नीट करते." दुपारी त्यांचा दाब पडला. मॉनिटरवर एकोणीस. पण पोट हलत होतं — काकू मशीनशी भांडत स्वतः श्वास घेत होत्या.

सिस्टरने आणि मी त्यांचे दोन्ही पाय उचलून धरले. पायांतलं रक्त छातीकडे जातं. त्याने दाब वाढला तर सलाईनचा उपयोग, नाहीतर नाही. साधी, फुकटची चाचणी. दाब जागचा हलला नाही.

साहेबांना सांगितलं.
"एकोणीस आहे ना? मग दे."
"पण सर, त्या स्वतः श्वास —"
"अभ्यासात ढवळाढवळ नको."
मीच बाटली लावली. थू माझ्यावर.

६ मार्च
दाब तसाच. आकडा तसाच. आणखी बाटल्या. श्वासाच्या नळीत गुलाबी फेस — पाणी फुफ्फुसात उतरलं.

७ मार्च
काकूंचे यजमान विचारत होते, "हिचा चेहरा इतका कसा सुजला? ओळखूच येईना." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "सगळं नियमाप्रमाणे चाललंय." मग गुणगुणत हात धुतले. घरी मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, सोड असली नोकरी. सोडून जाऊ कुठे? परीक्षेच्या अर्जावर सही त्यांचीच लागते.

९ मार्च
काकू गेल्या. ॲप्रन तसाच उसवलेला आहे.

१२ मार्च
राग थोडा ओसरला. सिस्टर म्हणाली, "त्यांना कळतच नाही हो, तुम्ही कशाला जीव जाळता?" खरंच असेल. माणूस आकड्यापलीकडे शिकलाच नाही. पालथ्या घड्यावर पाणी. दुष्ट असता तर तिरस्कार केला असता. मठ्ठ माणसावर किती दिवस चिडायचं? असं म्हटलं की झोप तरी लागते.

१९ मार्च
साहेबांच्या आईचं ऑपरेशन झालं. व्हेंटिलेटरवर आणलं. थोड्या वेळात दाब पडला, मॉनिटरवर सतरा. मी नियमाप्रमाणे बाटलीकडे हात नेला. साहेबांनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाले, "थांब. आई स्वतः श्वास घेतेय, आकड्यावर जाऊ नकोस. आधी पाय उचलून बघ."